बळ, वंश आणि शाप : रक्तपिशाच्च-वृकमानवांच्या एका संगणकखेळातील निवडीचा तौलनिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

महाजालावर हजारो लोक एकाच वेळी खेळतात अशा संगणकखेळांत प्रवेश करणाऱ्यास प्रथम एक पात्र घडवावे लागते. त्याचे नाव, रूप, व्यवसाय ठरविण्याबरोबरच त्याचा ‘वंश’ही निवडावा लागतो. जो खेळ रक्तपिशाच्च आणि वृकमानव, म्हणजे व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ, यांना खेळाडूच्या स्वाधीन करतो, त्यात या निवडीला विशेष धार येते. अशा खेळांच्या वाचक-खेळाडूंमध्ये एक प्रश्न सतत विचारला जातो : सर्वांत बलवान वंश कोणता? वरवर पाहता हा प्रश्न निव्वळ उपयुक्ततेचा आहे; त्याचे उत्तर आकड्यांत मिळावे अशी अपेक्षा असते, आणि काही अंशी ते मिळतेही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या प्रश्नाकडे का वळावे, याचे कारण त्यातील ‘बलवान’ आणि ‘वंश’ या दोन शब्दांत आहे. रक्तपिशाच्च आणि वृकमानव हे लोककथा, काव्य, कादंबरी आणि चित्रपट या क्रमाने प्रवास करीत खेळात आले. कथेत त्यांची ओळख त्यांच्या बळापेक्षा त्यांच्या उणिवेने होते. खेळात त्याच उणिवेचे रूपांतर भरपाई करता येण्याजोग्या खर्चात होते. हे रूपांतर नेमके कसे घडते, त्यात कथेचा कोणता अर्थ गळून पडतो आणि कोणता नव्याने उमटतो, हे प्रस्तुत निबंधात एका खेळाच्या आधारे पाहावयाचे आहे. तो खेळ म्हणजे झेनिमॅक्स ऑनलाइन स्टुडिओज या अमेरिकी संस्थेने एप्रिल २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’. बळाच्या प्रश्नाला त्यात बऱ्यापैकी निश्चित उत्तर देता येते, म्हणूनच त्या उत्तराची मर्यादाही त्यात स्पष्ट दिसते.

२. एका मुळाच्या दोन शाखा

रक्तपिशाच्च आणि वृकमानव हे परस्परांचे वैरी आहेत ही समजूत आज इतकी रूढ आहे की ती प्राचीन असावी असे वाटते. भाषेचा पुरावा मात्र उलट आहे. दक्षिण स्लाव भाषांतील ‘वुकोद्लाक’ या शब्दाच्या घडणीत ‘वुक’ म्हणजे लांडगा आहे. तरी सर्बियन लोकपरंपरेत तो कबरीतून उठणाऱ्या मृतासाठी योजला जातो. ग्रीकांनी हाच शब्द ‘व्रिकोलाकास’ या रूपात उचलला आणि त्याचा अर्थ त्यांच्याकडे फिरता प्रेतात्मा असाच झाला. जिवंतपणी लांडगा होणारा आणि मेल्यावर रक्तासाठी परतणारा, या दोन कल्पना एकाच शब्दात नांदत होत्या.

साहित्यातही दोहोंची फारकत उशिरा झाली. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत सरदार ड्रॅक्युला लांडग्यांना हुकूम देतो आणि स्वतःही श्वापदरूप घेतो. व्हिटबीच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजावरून तो एका प्रचंड कुत्र्याच्या रूपाने उडी टाकतो. तो दिवसाही वावरू शकतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा मर्यादित असते. सूर्यप्रकाशाने रक्तपिशाच्चाचा अंत होतो ही आज सर्वमान्य झालेली कल्पना १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या जर्मन मूकपटाने रुजविली. वृकमानवाच्या बाबतीत चांदीचे शस्त्र हा नियम १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ या चित्रपटामुळे दृढ झाला. त्याची पटकथा कर्ट सिओडमॅक याची. नियमांची ही यादी जितकी स्पष्ट होत गेली, तितके हे दोन जीव एकमेकांपासून वेगळे होत गेले. प्रत्येकाला आपापला शत्रू, आपापली वेळ आणि आपापला मृत्यू मिळाला.

वैराची मांडणी त्याहूनही अलीकडची आहे. १९९१ मध्ये ‘व्हॅम्पायर : द मास्करेड’ आणि १९९२ मध्ये ‘वेअरवुल्फ : द अपोकॅलिप्स’ हे कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळावयाचे भूमिकाखेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाले. दोन्ही एकाच कल्पित विश्वातले होते. पहिल्यात रक्तपिशाच्चांची कुळे पाडलेली होती, आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की प्रत्येक कुळाला स्वतःच्या सामर्थ्याबरोबर स्वतःचे वैगुण्यही दिलेले होते : नोस्फेरातू कुळाचे रूप इतके विद्रूप की त्यांना माणसांत उघडपणे वावरता येत नाही, माल्केव्हियन कुळातील प्रत्येकाला वेडाचा अंश. २००३ च्या ‘अंडरवर्ल्ड’ या चित्रपटाने दोन्ही योनींमधील युद्ध जगभर पोहोचविले. संगणकखेळांना जे द्वंद्व ‘पारंपरिक’ म्हणून मिळाले, त्याचे वय असे फार तर काही दशकांचे आहे.

३. खेळातील रचना : जन्म आणि दंश

‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेचा पहिला खेळ १९९४ चा. सर्व खेळांची भूमी टॅमरिएल नावाचे कल्पित खंड. १९९६ च्या ‘डॅगरफॉल’ या दुसऱ्या खेळापासूनच खेळाडूला रक्तपिशाच्च वा वृकमानव होण्याची वाट होती. २०१४ च्या महाजालीय खेळात हीच वाट सहस्रावधी खेळाडूंच्या सामाईक जगात आली.

येथे खेळाच्या रचनेतील एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो, कारण ‘सर्वांत बलवान वंश’ या प्रश्नात तो पुसला जातो. या खेळात रक्तपिशाच्च आणि वृकमानव हे वंश नाहीत. वंश दहा आहेत : ब्रेटन, रेडगार्ड, ऑर्क, नॉर्ड, डार्क एल्फ ऊर्फ डन्मर, आर्गोनियन, हाय एल्फ, वुड एल्फ, खाजीत आणि इम्पिरिअल. पात्र घडविताना यांतील एक निवडावा लागतो. तो जन्म होय. पिशाच्चत्व किंवा वृकत्व हे नंतर येते, दंशाने. कोणत्याही वंशाचे पात्र या दोहोंपैकी एक अवस्था स्वीकारू शकते. दोन्ही एकदम नाही.

दंशाचे मार्ग तीन. खंडाच्या ठरावीक प्रदेशांत रात्री भटकणाऱ्या जीवांनी हल्ला केल्यास संसर्ग होतो. दुसरा मार्ग सामाजिक आहे : आधीच बाधित झालेला खेळाडू, योग्य ते कौशल्य मिळविल्यावर, सात दिवसांतून एकदा दुसऱ्या एका खेळाडूला विधिस्थानी नेऊन बाधा देऊ शकतो. तिसरा मार्ग खेळाच्या दुकानातून ती अवस्था विकत घेण्याचा. दुसऱ्या मार्गाभोवती खेळाडूंची एक छोटी अर्थव्यवस्थाच उभी राहिली. काही जण दंशाची किंमत खेळातील सुवर्णमुद्रांत सांगत, काही जण तो विनामूल्य देत आणि घेणाऱ्यानेही पुढे कुणाला तरी तसाच द्यावा अशी अट घालत. ड्रॅक्युलाच्या कथेत ज्याला बळी म्हटले असते, तो येथे रांगेत उभा असलेला याचक होतो.

म्हणून बळाचा प्रश्न नेमका मांडावयाचा तर असा मांडावा लागतो : कोणत्या जन्मावर कोणता दंश शोभतो?

४. बळाचे गणित

प्रत्येक वंशाला काही निष्क्रिय गुण दिलेले असतात, म्हणजे खेळाडूने काही न करता कायम लागू राहणारे लाभ. फेब्रुवारी २०१९ मध्ये या गुणांची मोठी पुनर्रचना झाली. त्यानंतरच्या तक्त्यांतील स्थिर झालेले आकडे आधाराला घेऊ.

वृकमानवासाठी बहुतेक जाणत्या खेळाडूंची पसंती ऑर्कला मिळत आली. कारणे सरळ आहेत. ऑर्कच्या प्रहारशक्तीत २५८ अंकांची भर पडते, प्राणशक्ती आणि दमसास प्रत्येकी १००० ने वाढतात, शस्त्रकौशल्याने प्रहार केल्यावर काही जखमा भरून येतात आणि धाव दहा टक्क्यांनी जलद होते. वृकरूपात नेहमीची कौशल्ये नाहीशी होऊन लांडग्याची मोजकी कौशल्ये हाती येतात. जवळ जाऊन ओरबाडणे, पळणाऱ्याला गाठणे आणि मार सोसत टिकणे एवढेच त्याचे युद्ध असते. ऑर्कचे सर्व लाभ याच तीन गोष्टींना पोषक आहेत. मात्र दुसरी बाजूही आहे. रूपांतरासाठी ३०० अंकांची संचित ऊर्जा लागते, आणि मार खाताना ही ऊर्जा अधिक मिळविण्याचा गुण नॉर्ड वंशाला आहे. ज्याला वारंवार रूप पालटावयाचे आहे त्याला नॉर्ड जवळचा. ज्याला एकदा पालटलेले रूप जास्तीत जास्त घातक करावयाचे आहे त्याला ऑर्क. ज्याचे सर्व गणित निर्णायक घावांवर आहे त्याला अशा घावांचे बळ १२ टक्के वाढविणारा खाजीत.

रक्तपिशाच्चाचे गणित निराळे आहे, कारण त्याचे वैगुण्य कायमचे आहे. मे २०२० च्या ‘ग्रेमूर’ या विस्तारानंतर पिशाच्चत्वाच्या चार पायऱ्या ठरल्या. पहिल्या पायरीवर आगीपासून होणारी इजा ५ टक्क्यांनी वाढते, दुसरीवर ८, तिसरीवर १३ आणि चौथीवर २० टक्क्यांनी. त्याबरोबर जखमा आपोआप भरून येण्याची क्षमता घटत जाते आणि चौथ्या पायरीवर शून्य होते. पिशाच्चविद्येची कौशल्ये मात्र स्वस्त होत जातात, इतर सर्व महाग. येथे डन्मर वंशाचा लाभ स्पष्ट होतो. त्याला अग्निरोधाचे ४६२० अंक मिळतात. या खेळात रोधाचे ६६० अंक म्हणजे एक टक्का संरक्षण. अर्थात डन्मराला आगीपासून सात टक्के सूट. शिवाय ऑर्कइतकीच २५८ अंकांची प्रहारशक्ती त्यालाही आहे.

उदाहरणच घ्यावयाचे तर, इतर सर्व संरक्षण बाजूला ठेवून, आगीचा १००० अंकांचा घाव दुसऱ्या पायरीवरील पिशाच्चाला १०८० ने लागेल. पिशाच्च डन्मर असेल तर तो सुमारे १००४ उरतो. लोककथेत चिता आणि मशाल यांनी ज्या जिवाचा कायमचा नाश होत असे, त्याचे अग्निभय येथे हजारात चार अंकांवर आले. चौथ्या पायरीवर तोच घाव १२०० चा होतो आणि डन्मरालाही तो सुमारे १११६ ने सोसावा लागतो. ज्या खेळाडूला आगीपेक्षा सामान्य कौशल्यांच्या वाढत्या किमतीची चिंता आहे, त्याला जादूची किंमत सात टक्क्यांनी कमी करणारा ब्रेटन अधिक सोयीचा.

तेव्हा प्रश्नाचे व्यवहारी उत्तर असे : वृकमानवासाठी ऑर्क, रक्तपिशाच्चासाठी डन्मर. पण या उत्तराचे वजनही जोखावयास हवे. पूर्ण सज्ज पात्राची प्रहारशक्ती काही हजार अंकांत मोजली जाते. तीत २५८ ची भर म्हणजे अल्पशी. चिलखत, शस्त्रे, कौशल्यांचा क्रम आणि खेळणाऱ्याचा हात यांचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा. शिवाय हे आकडे रचनाकारांच्या स्वाधीन आहेत. एखादा वंश फार निवडला जाऊ लागला वा फार मागे पडला, की पुढील फेरबदलात त्याचे अंक हलतात. बळ वंशात नसते. ते तक्त्यात असते, आणि तक्ता संपादित होत राहतो. कोणत्याही आवृत्तीत ‘सर्वांत बलवान’ ठरलेला वंश हा त्या आवृत्तीपुरता बलवान असतो.

५. भुकेचा उलटलेला अर्थ

तक्त्यातील बदल अर्थाच्या दृष्टीने तटस्थ नसतो, हे याच खेळातील एका फेरबदलावरून दाखविता येते. २०२० पूर्वी पिशाच्चाच्या पायऱ्या उपासाने चढत. रक्त न घेता काळ गेला की पात्र वरच्या पायरीला जाई, आणि रक्त प्राशन केले की खाली येई. याच मालिकेतील २००६ च्या ‘ऑब्लिव्हिअन’ आणि २०११ च्या ‘स्कायरिम’ या खेळांतही हाच क्रम होता. त्या रचनेत एक कथा दडलेली होती. उपाशी पिशाच्च अधिक भयंकर, अधिक समर्थ आणि आगीपुढे अधिक दुबळे. तृप्त पिशाच्च माणसाच्या जवळ येणारे. भूक ही पशुत्वाकडे नेणारी ओढ होती, आणि भक्षण ही, कितीही विपरीत वाटले तरी, माणसांत राहण्यासाठी मोजलेली किंमत.

‘ग्रेमूर’ने हा क्रम उलटा केला. आता रक्त प्यावे तसतशी पायरी चढते. न पिता काळ गेला की उतरते. रचनाकारांचा हेतू समजण्यासारखा आहे : ज्याला बळ हवे त्याने त्यासाठी काही करावे, नुसते थांबून ते मिळू नये. परंतु अर्थ पालटला. पहिल्या रचनेतील पिशाच्च संयमाच्या कोंडीत सापडलेले होते : संयम राखला तर क्रौर्य वाढते, संयम सोडला तर निरपराध्याचे रक्त सांडते. दुसऱ्या रचनेतील पिशाच्चापुढे कोंडी नाही. त्याला भक्षणाने सामर्थ्य मिळते आणि उपासाने मुक्ती, म्हणजे लोभ आणि वैराग्य यांतील ओळखीची निवड. बळाच्या तक्त्यात हा बदल केवळ एका स्तंभाचा आहे. कथेच्या दृष्टीने तो शोकांतिकेकडून नीतिकथेकडे झालेला प्रवास आहे.

येथे जुन्या वृककथांची आठवण अप्रस्तुत नाही. ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये राजा लायकेऑन देवापुढे नरमांस वाढतो आणि शिक्षा म्हणून लांडगा होतो; त्याचे रूप त्याच्या कृत्याचा निवाडा आहे. बाराव्या शतकातील मारी द फ्रान्सच्या ‘बिसक्लाव्हरे’ या कथाकाव्यात उलट आहे : तेथील सरदार सज्जन आहे, आणि त्याची पत्नी त्याची वस्त्रे लपविते म्हणून त्याला माणसाचे रूप परत घेता येत नाही. दोन्ही कथांत लांडगा किती बलवान आहे याला महत्त्व नाही. एकीत अपराध, दुसरीत विश्वासघात. बळ हे त्या आशयाचे केवळ वाहन आहे. खेळाने वाहन ठेवले आणि प्रवासी कोण हे ठरविण्याचे काम खेळाडूवर सोडले.

६. शाप आणि उःशाप

या परिवर्तनाचे वर्णन करण्यास भारतीय कथापरंपरेतील ‘शाप-उःशाप’ ही जोडी उपयोगी पडते. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’ची चौकटच शापांनी उभारलेली आहे. काणभूती हा मुळात यक्ष; शापाने तो विंध्यारण्यात पिशाच होऊन राहतो, आणि एक विशिष्ट महाकथा ऐकून ती पुढे सांगितल्यावर त्याची सुटका व्हावयाची असते. येथे पिशाचत्व हा वंश नाही, ती कालमर्यादा असलेली अवस्था आहे. आणि तिच्या शेवटाची अट कथेशी निगडित आहे. ज्याला शाप आहे त्याला उःशापही आहे, आणि उःशापाची अट पुरी करणे म्हणजेच कथा.

आता खेळाकडे पाहू. येथेही उःशाप आहे. आर्के या देवतेचा पुजारी थोड्या सुवर्णमुद्रा घेऊन पिशाच्चत्व वा वृकत्व दूर करतो. ही सोय मुख्यतः अवस्था बदलू पाहणाऱ्यांसाठी उपयोगी ठरते, कारण रक्तपिशाच्चाला वृकमानव व्हावयाचे तर आधी शुद्ध व्हावे लागते. उःशापाची अट कथेऐवजी किमतीशी जोडली गेली, आणि अवस्था हे वस्त्र झाले. बिसक्लाव्हरेला जे वस्त्र मिळत नव्हते म्हणून शोक होता, ते येथे दुकानात टांगलेले आहे.

मात्र या खेळाच्या पुराणकथेत आणखी एक थर आहे, आणि तो बळाच्या प्रश्नाला अनपेक्षित वळण देतो. वर ज्या दोन वंशांची शिफारस केली, ते दोन्ही त्या पुराणकथेनुसार शापातून जन्मलेले आहेत. डन्मर पूर्वी कायमर नावाचे सुवर्णवर्णी लोक होते. त्यांच्या नेत्याच्या घातानंतर अझुरा या देवतेच्या शापाने त्यांची त्वचा राखेसारखी आणि डोळे लाल झाले. ऑर्क हे ट्रिनिमॅक नावाच्या देवाचे उपासक; त्या देवाचाच पराभव आणि विद्रूप रूपांतर झाले, आणि त्याच्यामागे त्याचे लोकही पालटले. मालिकेच्या पहिल्या दोन खेळांत ऑर्क हे खेळाडूने मारावयाचे राक्षस होते; २००२ च्या ‘मोरोविंड’पासून ते निवडता येण्याजोगा वंश झाले.

म्हणजे ज्याला तक्ता ‘वंश’ म्हणतो, तो पुराणकथेच्या लेखी जुना शाप आहे. पिशाच्चत्वाचा शाप ताजा आहे, एका व्यक्तीपुरता आहे आणि पुजाऱ्याकडे त्याचा उपाय आहे. डन्मरपणाचा शाप प्राचीन आहे, साऱ्या लोकसमूहाला लागला आहे आणि त्यावर उपाय सांगणारा कोणी उरला नाही. या खेळापुरती तरी अशी व्याख्या करता येईल : वंश म्हणजे उःशाप विसरला गेलेला शाप.

७. वंश, जात, योनी : अनुवादाचा प्रश्न

या व्याख्येमुळे ‘रेस’ या इंग्रजी संज्ञेचा मराठी पर्याय हा केवळ कोशाचा विषय राहत नाही. प्रस्तुत लेखात ‘वंश’ हा शब्द योजला आहे, कारण त्यात जन्मपरंपरेचा अर्थ आहे. परंतु भारतीय भाषांत अन्य पर्यायही हाताशी आहेत. अमरकोशात विद्याधर, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, भूत इत्यादी दहा ‘देवयोनी’ सांगितल्या आहेत. ‘योनी’ हा शब्द जन्मप्रकार सांगतो, पण कर्मानुसार एका योनीतून दुसरीत जाण्याची शक्यता तो गृहीत धरतो. रक्तपिशाच्च आणि वृकमानव यांना ‘वंश’ म्हणण्यापेक्षा ‘योनी’ म्हणणे खेळाच्या रचनेशी अधिक जुळते.

पर्याय निवडताना उलट दिशेने झालेल्या एका अनुवादाचे उदाहरण सावध करणारे आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळकथांचे इंग्रजी रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा वेताळासाठी ‘व्हॅम्पायर’ हा शब्द शीर्षकातच योजला. कथेतील वेताळ प्रेतात वस्ती करतो, राजाला कोडी घालतो आणि अखेर त्याला कपटी योग्यापासून वाचवितो. रक्तशोषण हा त्याचा स्वभाव नव्हे. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ हा गावाचे रक्षण करणारा ग्रामदेव आहे. त्याचे बळ मोठे आहे, पण ते गावाशी असलेल्या नात्यातून येते. इंग्रजी शब्दाने हे नाते पुसले आणि बळ तेवढे ठेवले.

‘जात’ हा तिसरा पर्याय मराठी बोलीत सर्वांत सहज येतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. कारण ‘सर्वांत बलवान वंश कोणता’ हा प्रश्न भारतात एकेकाळी खेळातला नव्हता. १८५७ नंतर इंग्रज सरकारच्या सैन्यभरतीत ‘लढवय्या जमाती’ची कल्पना बळावत गेली. कोणते लोक जन्मतः शूर आणि कोणते नाहीत याचे वर्गीकरण झाले आणि त्यावर भरतीचे नियम बेतले गेले. या धोरणात १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद झाली, जरी ते पिढ्यान्‌पिढ्या कंपनीच्या व सरकारच्या फौजेत लढले होते. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. पुढे पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. या काळात त्या लोकांचे रक्त बदलले नव्हते. बदलला तो तक्ता.

खेळातील अंकांचा फेरबदल आणि भरतीच्या धोरणाचा फेरबदल यांना एका मापाने मोजणे अर्थातच गैर होईल. एकात करमणुकीचा तोल आहे, दुसऱ्यात माणसांची उपजीविका आणि प्रतिष्ठा पणाला लागली होती. पण दोहोंच्या रचनेत साम्य आहे : आधी जन्माला गुण चिकटवावयाचा, मग त्या गुणाचे माप काढावयाचे आणि शेवटी ते माप निसर्गाने दिले असे समजावयाचे. फरक इतकाच की खेळ आपले माप कोणी व केव्हा बदलले हे प्रत्येक आवृत्तीबरोबर जाहीर करतो. साम्राज्याने आपले माप विज्ञान म्हणून मांडले.

ही जाणीव भूमिकाखेळांच्या रचनाकारांतही उमटली आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ पासूनच्या मूळ भूमिकाखेळाच्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२२ मध्ये ‘रेस’ ही संज्ञा सोडत असल्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या नियमग्रंथात तिच्या जागी ‘स्पीशीज’ म्हणजे जीवजाती ही संज्ञा आणली. ‘पाथफाइंडर’ या खेळाने त्याआधीच, २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, पूर्वजपरंपरा सुचविणारी संज्ञा स्वीकारली होती. शब्द बदलल्याने तक्ता नाहीसा होत नाही. तरी शब्दाने गृहीत धरलेले ‘रक्तातील बळ’ प्रश्नांकित झाले, एवढे म्हणता येते.

८. समारोप

‘सर्वांत बलवान वंश कोणता’ या प्रश्नाची तीन उत्तरे या विवेचनातून हाती येतात. खेळाडूला हवे असलेले उत्तर आकड्यांचे आहे : लांडग्याला ऑर्क, पिशाच्चाला डन्मर, आणि तेही चालू आवृत्तीत आकडे तपासून. दुसरे उत्तर कथेचे आहे. रक्तपिशाच्च आणि वृकमानव यांचे साहित्यातील सामर्थ्य त्यांच्या उणिवांत साठविलेले होते : आग, चांदी, हरवलेले वस्त्र, न शमणारी भूक. जो वंश ही उणीव पूर्णपणे भरून काढतो, तो तक्त्यात सर्वांत बलवान ठरतो आणि कथेत सर्वांत मुका. खेळात अखेरपर्यंत स्मरणात राहणारी पात्रे पुष्कळदा चुकीच्या वंशावर योग्य शाप घेतलेली असतात, ती याचमुळे.

तिसरे उत्तर तौलनिक अभ्यासाच्या पद्धतीविषयी आहे. संगणकखेळाचे संहितावाचन करताना कथानक, संवाद आणि दृश्ये यांवर थांबणे पुरेसे नाही. तक्ता हीदेखील संहिता आहे. तिच्यात भुकेचा अर्थ उलटू शकतो, राक्षसाचा वंश होऊ शकतो, शापाची किंमत ठरू शकते. भारतीय भाषांत अशा खेळांचे अनुवाद आणि समीक्षा जसजशी वाढेल, तसतशी ‘रेस’साठी कोणता शब्द योजावयाचा हा निर्णय पुनःपुन्हा घ्यावा लागेल. तो घेताना ‘वंश’, ‘योनी’ आणि ‘जात’ यांतील अंतर सांभाळणे आवश्यक आहे. कारण कोणत्या शापाला उःशाप आहे आणि कोणत्या शापाचा उःशाप आपण विसरलो, हे त्या अंतरावरूनच कळते.